जैव प्रत्याभरण

जैव प्रत्याभरण : शरीरात सतत चालणाऱ्या, परंतु एरवी व्यक्तीच्या जाणिवेत न येणाऱ्या क्रियांचे उपकरणाच्या साहाय्याने मापन करून ते ध्वनी, प्रकाश किंवा अंक यांच्या रूपाने त्याच व्यक्तीस तत्क्षणी कळविणे आणि त्या माहितीच्या आधारे त्या क्रियांत इष्ट बदल घडवून आणण्यास तिला शिकविणे, या तंत्रास जैव प्रत्याभरण असे म्हणतात. ‘बायोफीडबॅक’ या नावानेही ते परिचित आहे. स्नायूंचा ताण, हृदयाच्या ठोक्यांची गती, रक्तदाब, बोटांचे तापमान, त्वचेची विद्युत् संवाहकता, श्वसन व मेंदूतील विद्युत् तरंग यांचा या तंत्रात मुख्यत्वे उपयोग केला जातो. मानसिक ताणामुळे शरीरात उत्पन्न होणारी प्रतिक्रिया आवरण्यासाठी ते विशेषेकरून वापरले जाते. अनिच्छावर्ती मानलेल्या इंद्रियांवर मनाचा प्रत्यक्ष अंमल चालू शकतो काय, या प्रश्नातून या तंत्राची वाढ झाली. त्या प्रश्नाचे जे होकारार्थी उत्तर प्रारंभी मिळाल्यासारखे वाटले, ते पुढे टिकले नाही. तंत्र मात्र अधिक मर्यादित स्वरूपात टिकून राहिले. त्याच्या इतिहासाचे महत्त्व मुख्यतः यातच आहे.

कार्यतत्त्व : एखाद्या कृतीचा परिणाम कर्त्याला लगेच कळणे व त्यानुसार त्याने पुढील कृती सुधारणे, यास प्रत्याभरण म्हणतात. तंबोरा जुळविणारा गायक खुंटी पिळतो, स्वर ऐकतो आणि तो उतरलेला किंवा चढलेला वाटल्यास खुंटी पुन्हा फिरवितो. कान बंद करून त्याला तंबोरा जुळविता येणार नाही. कपाळाचे स्नायू किती आवळलेले आहेत किंवा बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या कितपत आकुंचन पावल्या आहेत, यांविषयी बहुतेक माणसांची स्थिती कान बंद केलेल्या गायकासारखी असते. ही उणीव उपकरण भरून काढते. ते शरीरात काहीही घालीत नाही वा शरीराकडून बळाने काही करवून घेत नाही, केवळ दाखविते. बदल घडविण्याचे काम व्यक्तीलाच करावे लागते व उपकरण काढून घेतल्यावरही ते करता येऊ लागले, तरच शिक्षण पुरे झाले असे मानतात.

अभियांत्रिकीतील प्रत्याभरणाची कल्पना सजीवांस पद्धतशीरपणे लावण्याचे श्रेय अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर (१८९४–१९६४) यांच्याकडे जाते. त्यांचा सायबरनेटिक्स हा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र व प्राणी या दोहोंतील नियंत्रण एकाच भाषेत मांडता येते, हा त्यातील विचार नंतरच्या संशोधकांना मार्गदर्शक ठरला.

ताण-प्रतिक्रियेचा शोध : शरीराच्या पेशी ज्या द्रवमय परिसरात राहतात त्याचे स्थैर्य ही मुक्त जीवनाची अट होय, असे फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार (१८१३–७८) यांनी प्रतिपादिले. हे स्थैर्य राखणाऱ्या व्यवस्थेस हार्व्हर्ड विद्यापीठातील वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन (१८७१–१९४५) यांनी १९२६ मध्ये ‘होमिओस्टॅसिस’ म्हणजे समस्थिती हे नाव दिले. तत्पूर्वी क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या जठराच्या हालचाली पाहताना, मांजर भ्याले किंवा चिडले की त्या थांबतात, असे त्यांना आढळले होते. पुढे भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर मांजर ठेवून त्याच्या रक्ताची परीक्षा केली असता त्यात अधिवृक्क ग्रंथींचा स्राव वाढलेला दिसला. संकट समोर उभे राहताच अनुकंपी तंत्रिका तंत्र व अधिवृक्क ग्रंथी मिळून शरीर झुंजीसाठी किंवा पलायनासाठी सज्ज करतात, असा सिद्धांत त्यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात मांडला. या स्थितीत हृदयाची गती व रक्तदाब वाढतो, रक्त त्वचा व आतडी यांकडून स्नायूंकडे वळते, तळहातांस घाम सुटतो आणि श्वास जलद होतो.

याच विषयाची दुसरी बाजू हान्स सेल्ये (१९०७–८२) यांनी उजेडात आणली. माँट्रिऑल येथे उंदरांवर प्रयोग करीत असताना थंडी, शस्त्रक्रिया, विषारी द्रव्ये व अतिश्रम अशा परस्परभिन्न कारणांनी एकाच प्रकारची लक्षणे निर्माण होतात, असे त्यांच्या लक्षात आले. अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होत, यौवनलोपी ग्रंथी आक्रसत व जठरात व्रण पडत. १९३६ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इशारा, प्रतिकार व अखेरीस क्षय अशा तीन अवस्था त्यांनी कल्पिल्या. ‘स्ट्रेस’ म्हणजे ताण हा शब्द वैद्यकात रूढ होण्यास त्यांचे लेखन कारणीभूत झाले. झुंजीसाठी झालेली शरीराची सिद्धता झुंज न होताच दिवसानुदिवस टिकून राहिली, तर ती अपायकारक ठरते, ही जाणीव यातून बळावली. कार्यालयात किंवा घरात बसून चिंता करणाऱ्या माणसाला ना झुंज देता येते, ना पळता येते. तेव्हा ही सिद्धता मोडावी कशी, हा प्रश्न पुढे आला.

पूर्वपीठिका : या प्रश्नाची पहिली उत्तरे प्रत्याभरणाविना दिली गेली. शिकागो येथील एडमंड जेकबसन (१८८८–१९८३) यांनी एकेक स्नायुगट आवळून मग सैल सोडण्याची क्रमवार शिथिलीकरणाची पद्धत १९२९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. स्नायूंतील अत्यल्प विद्युत् दाब मोजून शिथिलीकरण खरोखर झाले की नाही, हे पडताळण्याचा त्यांचा आग्रह होता. मात्र ते मापन वैद्यासाठी होते. रुग्णाला ते दाखवीत नसत. जर्मनीत योहानेस हाइन्रिख शुल्ट्स (१८८४–१९७०) यांनी हातापायांना जडपणा व ऊब येत आहे, अशा स्वयंसूचनांवर आधारलेली पद्धत १९३२ मध्ये प्रसिद्ध केली.

आवश्यक ती उपकरणेही याच काळात तयार होत होती. भावनेसरशी त्वचेची विद्युत् संवाहकता बदलते, हे १८८८–९० च्या सुमारास शार्ल फेरे व इव्हान टार्कानॉफ यांनी दाखविले होते. येना येथील हान्स बेर्गर (१८७३–१९४१) यांनी १९२९ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत् तरंगांचे आलेख प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसले असता दिसणाऱ्या, सेकंदास सु. ८ ते १३ आवर्तनांच्या तरंगांस त्यांनी ‘अल्फा’ हे नाव दिले.

भारतातील निरीक्षणे : अनिच्छावर्ती क्रियांवर ताबा मिळविल्याचे दावे भारतात योगपरंपरेत पूर्वापार केले जात होते. ते प्रयोगाच्या कसोटीस लावण्याचे काम महाराष्ट्रात लवकर सुरू झाले. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापिली आणि योगक्रियांच्या वेळी शरीरातील दाब व रक्तदाब यांत होणारे फरक मोजून ते योगमीमांसा या त्रैमासिकात प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृद्‌रोगतज्ज्ञ स्त्रीने भारतात येऊन योग्यांचे विद्युत् हृल्लेख घेतले व त्यांपैकी एकाने हृदयाची क्रिया जवळजवळ थांबविली, असे तिला वाटले.

या दाव्याची छाननी अमेरिकेतील एम्. ए. वेंगर व बी. के. बागची आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद यांनी केली. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, हृदय थांबविल्याचा दावा करणाऱ्यांची मनगटावरील नाडी लागेनाशी होत असे हे खरे. परंतु हृल्लेखात हृदयाचे ठोके चालूच असल्याचे दिसत होते. श्वास कोंडून छाती व पोट यांचे स्नायू जोराने आवळल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होई व त्यामुळे नाडी मंदावे. म्हणजे इच्छाशक्तीचा अंमल हृदयावर प्रत्यक्ष नव्हता, तर इच्छावर्ती स्नायूंच्या द्वारे होत होता. प्रत्यक्ष व मध्यस्थामार्फत होणारे नियंत्रण यांतील हा भेद पुढील काळात निर्णायक ठरला. त्याच वर्षी आनंद, जी. एस्. छीना व बलदेव सिंग यांनी ध्यानस्थ योग्यांच्या मेंदूतील अल्फा तरंग प्रकाश, ध्वनी यांसारख्या बाह्य उद्दीपकांनी खंडित होत नाहीत, असे नोंदविले.

स्वायत्त क्रियांचे शिक्षण : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानसशास्त्रात असा समज दृढ होता की, अस्थिस्नायूंच्या हालचाली बक्षीस वा शिक्षा यांच्या योगे शिकविता येतात, परंतु अंतस्त्ये व ग्रंथी यांच्या क्रिया केवळ पाव्हलॉव्हप्रणीत अभिसंधानानेच बदलतात. १९६० च्या सुमारास या समजाला निरनिराळ्या ठिकाणी धक्के बसू लागले. एच्. डी. किमेल यांनी त्वचेच्या विद्युत् प्रतिक्रियेवर व हार्व्हर्ड येथील डेव्हिड शपिरो यांनी त्वचेची प्रतिक्रिया व पुढे रक्तदाब यांवर प्रबलनाचा परिणाम दाखविला. कॅनडातील जॉन बस्मॅजियन (१९२१–२००८) यांनी १९६३ मध्ये, स्नायूतील विद्युत् संकेत ऐकविल्यास माणूस एकाच प्रेरक तंत्रिका पेशीच्या अखत्यारीतील तंतुगट स्वेच्छेने चालवू शकतो, असे सिद्ध केले. शिकागो येथे जो कामिया यांनी १९५८ पासून अल्फा तरंगांवर प्रयोग केले. घंटा वाजताच आपल्या मेंदूत अल्फा तरंग आहेत की नाहीत याचा अंदाज प्रयुक्ताने सांगावयाचा व तो बरोबर की चूक हे त्याला लगेच कळावयाचे, अशी ही पद्धत होती. थोड्या सत्रांनंतर काही प्रयुक्तांचे बहुतेक अंदाज बरोबर येऊ लागले.

सर्वांत अधिक खळबळ उडविली ती नील मिलर (१९०९–२००२) यांच्या प्रयोगांनी. येल व नंतर न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात काम करणारे मिलर हे अध्ययनाच्या क्षेत्रातील अधिकारी पुरुष होते. स्नायूंची मध्यस्थी पूर्णपणे वगळण्यासाठी त्यांनी व लिओ डीकारा आदी सहकाऱ्यांनी उंदरांना क्युरारी हे द्रव्य टोचून त्यांचे सर्व अस्थिस्नायू निश्चल केले व त्यांचा श्वास यंत्राने चालू ठेवला. हृदयाची गती इष्ट दिशेने बदलली की मेंदूच्या सुखकेंद्रास विद्युत् उद्दीपन देऊन उंदराला बक्षीस दिले जाई. अशा रीतीने काही उंदीर हृदयाची गती वाढविण्यास, तर काही ती कमी करण्यास शिकले, असे या प्रयोगांतून दिसले. एका कानातील रक्तवाहिन्या दुसऱ्या कानातल्याहून अधिक प्रसरण पावविण्यासही उंदरांना शिकविता येते, असे १९६८ मध्ये नोंदविले गेले. अंतस्त्ये व ग्रंथी यांच्या क्रिया शिकविता येतात, या मिलर यांच्या १९६९ मधील लेखाने वैद्यकात मोठ्या आशा उत्पन्न केल्या. उंदराला जे साधते ते माणसाला का साधू नये, असा त्यामागील स्वाभाविक तर्क होता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे या विषयाच्या अभ्यासकांची ‘बायोफीडबॅक रिसर्च सोसायटी’ स्थापन झाली.

उपचारतंत्राचा विकास : कोलोरॅडो विद्यापीठात टॉमस बड्झिन्स्की व योहान स्टॉइव्हा यांनी तणावजन्य डोकेदुखीच्या रुग्णांच्या कपाळास विद्युत् अग्रे लावून, स्नायू सैल होत जातील तसा सूर खाली येईल, अशी योजना केली. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १८ रुग्णांचे तीन गट होते. एका गटास स्वतःच्या स्नायूंचा सूर ऐकविण्यात आला, दुसऱ्यास दुसऱ्या व्यक्तीच्या स्नायूंचा, तर तिसऱ्या गटास कोणताच उपचार दिला नाही. पहिल्या गटाची डोकेदुखी इतर दोहोंपेक्षा स्पष्टपणे कमी झाली.

कॅन्ससमधील टोपीका येथील मेनिंजर प्रतिष्ठानात एल्मर ग्रीन (१९१७–२०१७) व ॲलिस ग्रीन हे दांपत्य शुल्ट्स यांच्या पद्धतीचा अभ्यास करीत होते. एका प्रयोगात एका स्त्रीच्या हाताचे तापमान दोन मिनिटांत १०° फॅ. ने वाढले व त्याच वेळी तिची अर्धशिशी थांबली. यावरून बोटांच्या तापमानाचे प्रत्याभरण हा अर्धशिशीवरील उपचार निघाला. ताणाच्या अवस्थेत अनुकंपी तंत्रिका बोटांतील रक्तवाहिन्या आवळतात व हात गार पडतात. हात उबदार होणे हे त्या तंत्रिकांची उत्तेजना ओसरल्याचे चिन्ह होय. या प्रतिष्ठानात १९७० मध्ये स्वामी राम यांच्यावरही प्रयोग झाले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत अतिशीघ्र स्पंदने सुरू करून त्यांनी सु. १७ सेकंद रक्ताचे परिणामकारक क्षेपण थांबविल्याची नोंद झाली.

भारतीय वंशाच्या चंद्रा पटेल या लंडन परिसरात सामान्य वैद्यक व्यवसाय करीत होत्या. त्यांनी अतिरक्तदाबाच्या रुग्णांना शवासनातील शिथिलीकरण व श्वासावरील ध्यान यांबरोबर त्वचेच्या संवाहकतेचे प्रत्याभरण दिले. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ३४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने दोन गट करण्यात आले होते. उपचार घेणाऱ्या गटाचा रक्तदाब सरासरी सु. २६/१५ मिमी., तर तुलनेच्या गटाचा सु. ९/४ मिमी. ने उतरला. योग व प्रत्याभरण यांचा संयोग साधणारा हा प्रयोग उल्लेखनीय असला, तरी त्यात यश कोणत्या घटकाचे हे वेगळे करता येत नव्हते.

याच सुमारास विषयाला लोकप्रियतेची बाधाही झाली. अल्फा तरंग वाढविले की ध्यानातील शांती आपोआप लाभते, अशी समजूत पसरून घरगुती यंत्रांची विक्री होऊ लागली. परंतु प्रत्याभरणाने वाढलेले अल्फा तरंग डोळे मिटून स्वस्थ बसल्यावर मिळणाऱ्या प्रमाणापलीकडे सहसा जात नाहीत, त्यांचे नियमन बरेचसे दृष्टी व नेत्रचलन यांमुळे होते आणि अनुभवास येणारी शांती पुष्कळशी अपेक्षेतून येते, असे १९७० नंतरच्या संशोधनात दिसून आले.

मूळ प्रयोगांची फेरतपासणी : अधिक गंभीर अडचण खुद्द पायात निघाली. क्युरारीवरील प्रयोग पुन्हा केले असता हृद्‌गतीतील फरक वर्षागणिक लहान होत गेले व शेवटी दिसेनासे झाले. इतरत्रही ते मिळेनात. तेव्हा मिलर यांनी सहकारी बॅरी ड्वर्किन यांच्यासह कृत्रिम श्वसनाची व मापनाची व्यवस्था सुधारून प्रयोग नव्याने हाती घेतले. १९७४ मध्ये त्यांनी या अडचणी जाहीरपणे मांडल्या आणि पूर्वीच्या निष्कर्षांवर विसंबू नये, असे सूचित केले. १९८६ मध्ये मूळ परिणाम पुन्हा मिळू शकला नसल्याचे दोघांनी सविस्तर प्रसिद्ध केले. ज्या निष्कर्षामुळे आपले नाव सर्वतोमुखी झाले, त्याच्याच विरुद्ध पुरावा इतक्या चिकाटीने गोळा करणे, हे मिलर यांच्या वैज्ञानिक सचोटीचे द्योतक मानले जाते. या नकारात्मक निष्कर्षामुळे स्वायत्त क्रियांचे प्रत्यक्ष शिक्षण अशक्य ठरले असे नव्हे. ते सिद्ध झालेले नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. माणसाच्या बाबतीत स्नायू, श्वास व कल्पना यांची मध्यस्थी नेहमीच संभवते.

उपचाराच्या बाजूनेही असाच प्रश्न उपस्थित झाला. केनेथ हॉलरॉइड व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डोकेदुखीच्या काही प्रयुक्तांना, त्यांच्या नकळत, स्नायूंचा ताण कमी करण्याऐवजी वाढविण्याचे शिक्षण दिले. कोणत्याही दिशेने शिक्षण दिले, तरी ‘आपल्याला चांगले साधत आहे’ असे ज्यांना भासविले गेले, त्यांची डोकेदुखी अधिक उतरली. आपले शरीर आपल्या आटोक्यात आहे हा विश्वास हाच उपचाराचा एक मोठा भाग असतो, असे यावरून दिसते. मात्र यामुळे उपचार निष्फळ ठरत नाही. ताणाच्या दुष्परिणामांत असहायतेच्या भावनेचा वाटा मोठा असल्याने ती दूर होणे हाही वास्तविक लाभ होय.

श्वसन व हृद्‌गती : मध्यस्थी ही त्रुटी न मानता तिचाच उपयोग करून घेणारी पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते व सोडताना कमी होते. हा चढउतार परानुकंपी तंत्रिकांच्या कार्यक्षमतेचा निदर्शक समजतात. रक्तदाब स्थिर राखणाऱ्या प्रतिक्षेपी यंत्रणेस आपले एक आवर्तन पुरे करण्यास सु. १० सेकंद लागतात. त्यामुळे मिनिटास सु. ६ या गतीने श्वसन केल्यास श्वास व ही यंत्रणा यांचा मेळ बसून चढउतार कमाल होतो. झोपाळ्याला त्याच्याच लयीत झोके दिल्यावर तो उंच जातो, तसा हा प्रकार आहे. सोव्हिएट रशियात यव्हगेनी वाशिलो यांनी १९८० नंतर या अनुनादाचा अभ्यास केला. पुढे अमेरिकेत पॉल लेरर यांच्या सहकार्याने २००० मध्ये त्यांनी शिक्षणाची निश्चित पद्धत प्रसिद्ध केली. व्यक्तिपरत्वे ही गती थोडी भिन्न असल्याने ती प्रत्याभरणाने शोधून काढावी लागते. इटलीतील ल्युचानो बेर्नार्डी व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असे दाखविले की, जपमाळेवरील लॅटिन प्रार्थना किंवा ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र यांच्या पठनानेही श्वसन मिनिटास सु. सहाच्या गतीवर येते.

उपयुक्तता व मर्यादा : नंतरच्या काळात अनेक प्रयोगांच्या निष्कर्षांचे एकत्रित परीक्षण झाले आहे. अर्धशिशीवरील ५५ अभ्यासांच्या २००७ मधील परीक्षणात मध्यम प्रतीचा लाभ दिसला, तर तणावजन्य डोकेदुखीवरील २००८ च्या परीक्षणात तो याहून काहीसा अधिक आढळला. हृद्‌गतीच्या चढउतारांवर आधारित शिक्षणाने ताण व चिंता बऱ्याच कमी होतात, असे २४ अभ्यासांच्या २०१७ मधील परीक्षणात आढळले. मात्र त्यांतील प्रयुक्तांची एकूण संख्या ४८४ एवढीच होती. अतिरक्तदाबात हे तंत्र औषधांची जागा घेऊ शकत नाही. पूरक म्हणूनच त्याचा विचार करावा लागतो. ताणाशी संबंध नसलेल्या काही विकारांत, विशेषतः मलविसर्जनाच्या स्नायूंचा मेळ बिघडल्यामुळे होणाऱ्या बद्धकोष्ठात, ते चांगलेच उपयुक्त ठरले आहे. साध्या शिथिलीकरणापेक्षा उपकरणासह दिलेले शिक्षण नेहमीच सरस असते, असे सिद्ध झालेले नाही. ज्यांना शिथिलीकरण म्हणजे नेमके काय हेच उमगत नाही त्यांना उपकरणाची मदत होते. ताणाचे मूळ दारिद्र्य, अतिश्रम किंवा कौटुंबिक कलह यांत असेल, तर ते मूळ या तंत्राने नाहीसे होत नाही, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पूर्वी प्रयोगशाळेतील एक खोली व्यापणारी मापनयंत्रे एकविसाव्या शतकात मनगटावर बांधण्याइतकी लहान झाली आहेत. त्यामुळे शरीराविषयीचे आकडे सर्वांस सुलभ झाले. परंतु केवळ आकडे दिसणे म्हणजे जैव प्रत्याभरण नव्हे. दिसलेल्या आकड्यावरून शरीरातील सूक्ष्म संवेदना ओळखण्यास शिकणे व कालांतराने उपकरणावाचून ती ओळखता येणे, हे या तंत्राचे साध्य होय.